मानेवरचा थेंब शेपटीपर्यंत पोचतो कसा?

डॉक्टर, आमच्याकडे गुंड्या नावाचा गावठी कुत्रा आहे आणि चिमी मांजर. दोघंही पडवीत एकाच गोणपाटावर झोपतात. पाऊस सुरू झाल्यापासून पिसवांनी उच्छाद मांडलाय. गुंड्या रात्रभर खाजवतो, आणि आता आमच्याही घोट्यांना चावे दिसायला लागलेत. नातवाने मुंबईहून मानेवर टाकायच्या औषधाच्या तीन नळ्या पाठवल्या. नळीवर बारीक इंग्रजी आहे; नातू फोनवर म्हणाला, "फिप्रोनिल आणि आणखी काहीतरी." सकाळी गुंड्याला साबणाने स्वच्छ आंघोळ घातली आणि दुपारी एक नळी टाकली. दुसऱ्या दिवशी पिसवा कमी व्हायच्या, तर उलट जास्त दिसायला लागल्या. आज बारा दिवस झाले, अजून आहेतच. औषध नकली आहे का? शेजारी म्हणतात, ते रक्तात भिनतं आणि जनावराचं आयुष्य कमी होतं. मला तर हेच कळत नाही, की मानेवर टाकलेला थेंब शेपटीजवळच्या पिसवेला मारणार कसा. उरलेल्या नळ्यांतलं थोडं चिमीला आणि थोडं कोंबड्यांना लावलं तर चालेल का? सध्या गुंड्याला गोठ्यात बांधून ठेवलाय.
एक आजी, दापोली तालुका

आजी, नमस्कार.

पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. त्या दोन नळ्या उचला आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवून द्या. चिमीला त्यातला थेंबसुद्धा लावायचा नाही. मग नातवाला परत फोन करा आणि विचारा, ते "आणखी काहीतरी" म्हणजे नक्की काय? चिमीचा जीव त्या दोन शब्दांवर आहे.

फिप्रोनिलच्या जोडीला मेथोप्रिन असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. ते पिसवेच्या अंड्यांना आणि अळ्यांना मोठं होऊ देत नाही, एवढंच. पण कुत्र्यांच्या काही नळ्यांमध्ये फिप्रोनिलबरोबर परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं. मांजराला अजिबात सोसत नाही. असली विषं फोडून अंगाबाहेर टाकण्याचं जे काम आपलं आणि कुत्र्याचं यकृत सहज करतं, ते मांजराच्या यकृताला नीट जमतच नाही. पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते, तीही याच कारणाने.

माझ्याकडे एकदा एक बोका आणला होता. घरातल्या कुत्र्याला औषध टाकल्यावर नळीत उरलेलं कशाला वाया घालवा, म्हणून चार थेंब याच्या मानेवर टाकलेले. संध्याकाळी तो माझ्या टेबलावर होता. पाठीची कातडी वाऱ्यावरच्या पाण्यासारखी हलत होती, कान फडफडत होते, आणि पाय टेकवायला गेला की सगळा पाय थरथरायचा. परमेथ्रिनवर उतारा असं काही औषध नाही. कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून अंगावरचं औषध धुवायचं, झटके थांबवायचे आणि वाट बघायची. तो वाचला. सगळे वाचत नाहीत.

तुमच्या नळीत परमेथ्रिन निघालं तर उरलेल्या दोन्ही नळ्या तुमच्या घरात वापरायच्याच नाहीत, गुंड्यालाही नाही. ज्याच्या कुशीत मांजर झोपतं आणि ज्याला ते चाटतं, त्या कुत्र्याला परमेथ्रिन लावणं म्हणजे मांजराला लावण्यासारखंच. पहिली नळी टाकून बारा दिवस झाले आणि चिमी ठणठणीत आहे, तेव्हा त्या वेळचं संकट टळलं असं समजा. परमेथ्रिन नसेल तर नळ्या गुंड्याच्या, आणि चिमीसाठी मांजराची वेगळी नळी आणायची. फिप्रोनिलची मांजराची नळी अर्ध्या मिलिलिटरची असते. कुत्र्याच्या नळीतलं अंदाजाने अर्धं ओतायचं, हा हिशोब मांजराच्या बाबतीत करू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चिमीचं वय आणि वजन सांगा, ते देतील ती आणा. तिला आठ आठवड्यांच्या आतली पिल्लं असतील तर पिल्लांना औषध नाही. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढायच्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवायच्या.

आता थेंबाचं. हा प्रश्न मला शिकलेली माणसंसुद्धा विचारत नाहीत. मुकाट्याने टाकतात आणि मग औषधाला शिव्या देतात.

कढीला फोडणी देता तेव्हा ती एकाच जागी ओतता ना? पण तवंग पातेल्याच्या कडेपर्यंत जातो. गुंड्याच्या कातडीवर तेच होतं. त्याच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची एक इवलीशी पिशवी असते. तिच्यातून तेल सारखं पाझरत असतं. जनावराचं अंग तुकतुकीत दिसतं ते त्यामुळेच. फिप्रोनिल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र छान मिसळतं. मानेवर पडलं की ते या तेलाच्या पातळ थरातून सरकत सरकत एक-दोन दिवसांत शेपटीपर्यंत आणि पोटाखालपर्यंत पोचतं. जाता जाता ते तेलाच्या पिशव्यांमध्ये उतरून साठून राहतं, आणि पुढे महिनाभर तेल पाझरेल तसं थोडं थोडं वर येत राहतं. तुम्ही एकदाच वाढायचं. रोजची वाटणी गुंड्याचं अंगच करतं.

मानेवर टाकायचं ते पसरण्याच्या सोयीसाठी नाही. तिथे त्याची जीभ पोचत नाही, म्हणून.

शेजाऱ्यांच्या बोलण्यात अर्धं खरं आहे, पण ते दुसऱ्या औषधाबद्दल. सेलामेक्टिन नावाचं एक औषध असंच मानेवर टाकतात. ते मुद्दामच कातडीतून रक्तात जाईल असं बनवलेलं आहे, कारण त्याला अंगातल्या काही जंतांशीही लढायचं असतं. फिप्रोनिल मुख्यतः कातडीच्या तेलातच राहतं, रक्तात जातं ते अगदी थोडं. पिसवेला ते लागायला तिने चावायचीही गरज नसते. तेलकट केसांतून नुसती चालली तरी पुरे. मज्जातंतूला जसा "धाव" म्हणून हुकूम लागतो तसा "थांब" म्हणूनही लागतो. फिप्रोनिल तो "थांब"चा हुकूम पोचायची वाट बुजवतं. कीटकाच्या शरीरात ही वाट ते घट्ट बुजवतं. कुत्र्याच्या किंवा माणसाच्या शरीरात त्याची पकड फार ढिली असते. म्हणूनच एकाच थेंबाने पिसू मरते आणि गुंड्या शेपूट हलवत भाकरी मागायला येतो. नळीवर लिहिलेल्या वजनाप्रमाणे दिलं तर आयुष्य कमी व्हायचं काही कारण नाही. १० ते २० किलोच्या कुत्र्यासाठी १.३४ मिलिलिटरची नळी असते. गुंड्याचं वजन माहीत नसेल तर रेशन दुकानाच्या काट्यावर त्याला उचलून उभं राहायला कोणाला तरी सांगा आणि मग त्या माणसाचं वजन वजा करा. दुकानदार हसेल, हसू दे.

दुसऱ्या दिवशी पिसवा जास्त का दिसल्या, त्याचंही उत्तर यातच आलं. एरवी पिसू केसांच्या मुळाशी दडून बसते, आपल्याला दिसतसुद्धा नाही. औषध लागलं की तिला थांबताच येत नाही. ती सैरभैर होऊन केसांच्या टोकापर्यंत येते, उड्या मारते, पांढऱ्या पोटावर उघडी फिरते. तुम्हाला वाटलं पिसवा वाढल्या; खरं तर त्या मरायला टेकल्या होत्या. त्या दिवसापुरतं तरी औषध अस्सल होतं, याची ती पावतीच. हे औषध पिसवांना पळवून लावत नाही. ती अंगावर चढते आणि मग साधारण दिवसभरात मरते. त्यामुळे अंगावर एखादी फिरती पिसू दिसली म्हणजे औषध फसलं, असं नाही.

तुमची चूक झाली ती सकाळच्या आंघोळीची. साबणाने अंगावरचं तेलच धुऊन काढलंत. औषधाला शेपटीपर्यंत न्यायला वाहन राहिलं नाही आणि साठायला जागाही कमी पडली. आंघोळ हवी तर औषधाच्या दोन दिवस आधी, आणि नंतरचे दोन दिवस अजिबात नाही. त्या दोन दिवसांत त्याला पऱ्यावरही सोडू नका. औषध वाहून जाईल हे एक. दुसरं म्हणजे फिप्रोनिल माशांना आणि पाण्यातल्या बारीक जिवांना फार घातक आहे. रिकामी नळीसुद्धा पऱ्यात किंवा विहिरीजवळ टाकायची नाही. एकदा मुरल्यावर मग पावसात भिजला तर चालतं. दर आठवड्याला साबण लावलात तर मात्र महिन्याचं औषध महिना टिकणार नाही.

दुसरी चूक झाली असेल की नाही, हे पत्रावरून कळत नाही, म्हणून विचारतो: औषध कातडीवर पडलं की केसांवर? दहांतले निम्मे लोक केसांवरच ओततात. मीही नवीन असताना ओतलंय. गुंड्याच्या मानेवर, खांद्याच्या दोन हाडांच्या मधोमध, दोन्ही अंगठ्यांनी केसांचा भांग पाडा. बोटभर लांब, फिकट रंगाची उघडी कातडी दिसली पाहिजे. नळीचं तोंड त्या कातडीला टेकवा आणि दाबा. सोडून परत एकदा दाबा, आत थोडं उरतंच. केस भिजून त्यांच्या टोकदार जुड्या झाल्या तर समजा, औषध केसांनी प्यायलं. नंतर हात धुवा, आणि ती जागा वाळेपर्यंत पोरांना गळ्यात पडू देऊ नका.

पण समजा हे सगळं अगदी बरोबर केलं असतंत, तरी बाराव्या दिवशी तुमच्या घोट्याला पिसू चावलीच असती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. औषध गुंड्याच्या अंगावर आहे आणि पिसवांचं बिऱ्हाड तुमच्या पडवीत.

गुंड्याच्या अंगावर दिसतात त्या फक्त वयात आलेल्या पिसवा. त्यातली एक मादी रोज चाळीस-पन्नास अंडी घालते. ही अंडी उवांच्या लिखांसारखी केसाला चिकटून राहत नाहीत. मिठाच्या दाण्यासारखी गुळगुळीत असतात आणि गुंड्या जिथे अंग झटकेल, जिथे वेटोळं करून झोपेल, तिथे गळून पडतात. तुमच्या घरी बहुतेक सगळी त्या गोणपाटात. अंड्यातून पांढरी, केसासारखी बारीक अळी निघते. तिला उजेड आवडत नाही. ती गोणपाटाच्या विणीत, जमिनीच्या भेगेत, भिंतीच्या कडेच्या धुळीत शिरते आणि पिसवांच्या विष्ठेवर जगते. ती विष्ठा म्हणजे गुंड्याचंच पचून वाळलेलं रक्त. बघायचंय? त्याच्या शेपटीच्या मुळाशी केस विंचरा आणि जे काळे कण पडतील ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घ्या. मातीचे असतील तर काळेच राहतील. पिसवांचे असतील तर मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस कडं उमटेल.

अळीला दमट हवा लागते. कोरड्या हवेत ती सुकून मरते. कोकणातल्या पावसाळ्याइतकं तिच्या सोयीचं दुसरं काय असणार? आणि ओलसर मातीची जमीन असेल तर विचारायलाच नको.

मग अळी स्वतःभोवती कोश विणते. हा कोश चिकट असतो, त्याला धूळ लागते आणि तो धुळीचाच एक कण दिसायला लागतो. झाडूने निघत नाही, फवारा आत पोचत नाही. आत पिसू तयार होऊन बसते आणि वाट बघते, महिनोन्‌महिने सुद्धा. कशाची? पावलांच्या हादऱ्याची, अंगाच्या उबेची, श्वासाची. गणपतीला चाकरमानी येतात, चार-सहा महिने बंद असलेली खोली उघडतात आणि दुसऱ्या मिनिटाला पाय खाजवायला लागतात. हे तुम्ही पाहिलं असेलच. त्या पिसवा कुठून बाहेरून आलेल्या नसतात. त्या कोशात बसून पावलं वाजायची वाट बघत होत्या.

म्हणून गुंड्याला आजच्या आज गोठ्यातून सोडा आणि पडवीत आणा.

तुम्ही उलटं केलंत आजी, आणि सगळेच करतात. पिसवा कुत्र्यामुळे, म्हणून कुत्र्याला बाहेर. पण कोश तर पडवीतच आहेत. त्यातून रोज निघणाऱ्या भुकेल्या पिसवांना गुंड्या सापडला नाही की त्या तुमच्याकडे येतात. घोट्यांवरचे ते चावे त्यांचेच. औषध लावलेला गुंड्या आता नुसता कुत्रा राहिलेला नाही, तो चालताफिरता सापळा आहे. पडवीत हिंडला, नेहमीच्या जागी लोळला की नवी पिसू त्याच्या अंगावर उडी मारते आणि अंडी घालायच्या आत मरते. कोशातल्या पिसवेपर्यंत पोचायचा याहून चांगला मार्ग माझ्या माहितीत नाही. मात्र सापळ्यात औषध कायम पाहिजे. एखादा महिना चुकला की सापळ्याचं परत पाळणाघर होतं.

ते गोणपाट मात्र ठेवू नका. जाळून टाका. त्याऐवजी जुन्या लुगड्याची घडी द्या, आणि ती दर आठवड्याला चुलीवरच्या उकळत्या पाण्यातून काढा. पावसात ऊन कुठून आणणार? पडवीचा केर रोज काढा, विशेषतः भिंतीच्या कडेचा आणि जात्याखाली, बाकाखाली साचतो तो. केर उकिरड्यावर न टाकता थेट चुलीत घाला. झाडताना हादऱ्याने काही कोश फुटतील आणि त्या दिवशी पिसवा जास्त दिसतील. तो चांगला परिणाम समजा, कारण बाहेर आलेली पिसू सापळ्यात जाते. घरात फवारा मारायची घाई करू नका. मारायचाच झाला तर त्यातही परमेथ्रिन आहे का ते आधी बघायचं, आणि जमीन पूर्ण वाळेपर्यंत चिमीला दूर ठेवायचं.

शेवटचं, कोंबड्यांचं. नको, अजिबात नको. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या खुराड्यांत माइट नावाचे बारीक रक्तपिपासू जीव मारायला फिप्रोनिल वापरल्याचं उघडकीला आलं आणि लाखो अंडी बाजारातून मागे घेऊन नष्ट करावी लागली. कोंबडीला लावलेलं अंड्यात उतरतं, आणि तुमच्याकडची अंडी नातवंडंच खातात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगून ठेवतो, कारण तुमच्या भागात हे हमखास होतं. भाताच्या खोडकिड्यासाठी जे दाणेदार औषध टाकतात, त्यातही फिप्रोनिल असतं. आंब्यावर तुडतुड्यांसाठी जी फवारणी होते, त्यातलं इमिडाक्लोप्रिडसुद्धा दुसऱ्या कंपन्यांच्या पिसवांच्या नळ्यांमध्ये असतं. नाव तेच दिसलं की घरातला कोणीतरी हुशार माणूस म्हणतो, एवढे पैसे कशाला, आपल्या खोपीत डबा आहेच. शेतावरच्या डब्यातलं औषध किती तीव्र, कशात कालवलेलं, कातडीला सोसेल की नाही, हे सगळं वेगळं असतं. त्या हुशार माणसाला माझं नाव सांगा आणि डबा खोपीतच राहू द्या. गाईच्या गोचिडांचं औषधही तसंच, कुत्र्या-मांजरांसाठी नाही.

गुंड्याच्या शेपटीखाली किंवा तो झोपतो तिथे तांदळाच्या कणीसारखं काही दिसतंय का, तेही बघा. खाजवताना पिसू चावून गिळली गेली की तिच्याबरोबर पट्टकृमी नावाचा चपटा जंत पोटात जातो, आणि त्या कण्या म्हणजे त्याचेच तुकडे. कण्या दिसल्या तर दवाखान्यातून दोघांनाही जंताचं औषध आणायचं.

आता पहिली नळी ज्या तारखेला टाकलीत, त्या तारखेला पुढच्या महिन्यात कॅलेंडरवर खूण करा. आंघोळीमुळे जोर कमी पडला म्हणून त्याआधीच दुसरी टाकू नका. त्या तारखेला, नळी चालणारी असेल तर गुंड्याला दुसरी, त्याच दिवशी चिमीला तिची स्वतःची. मग तिसऱ्या महिन्यात परत. तीन महिने लागतात, कारण पडवीतले कोश रिकामे व्हायला तेवढा वेळ जातो. पहिल्या महिन्यात पिसवा दिसतील, दुसऱ्यात कमी दिसतील. तिसऱ्या महिन्यातही ओल्या फडक्यावर तांबूस कडं उमटलं, तर मला परत लिहा, आणि या वेळी नळीवरची सगळी नावं नातवाकडून मराठीत लिहून घेऊन पाठवा.